वेंडेनचा किल्ला आतून का उडाला?

सिनेमात दारूच्या ढिगावर पेटती मशाल पडते आणि अख्खा किल्ला हवेत जातो. प्रत्यक्षात उघड्यावरची काळी दारू नुसती भस्सकन जळते. मोठा जाळ होतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, बस. किल्ला उडवायला दारूइतकीच बंद जागाही लागते.

आजच्या लात्वियातला वेंडेन, म्हणजे त्सेसिसचा किल्ला, हे याचं भीषण उदाहरण. लिव्होनियन युद्धात (1558-1583) बाल्टिक मुलखासाठी रशिया, पोलंड-लिथुएनिया, स्वीडन आणि डेन्मार्क झुंजत होते. 1577 च्या सप्टेंबरात झार चौथा इव्हान वेंडेनपुढे आला. त्याचा मांडलिक असलेला डॅनिश राजपुत्र मॅग्नुस बाहेर येऊन शरण गेला, पण आतल्यांनी किल्ला सोडला नाही. काही दिवस तोफा धडाडल्या. सुटकेची आशा संपल्यावर बायकामुलांसह सुमारे 300 जणांनी दारूला बत्ती देऊन मरण पत्करलं.

काळी दारू म्हणजे सोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक, साधारण 75:15:10 या प्रमाणात. ऑक्सिजन सोऱ्यातूनच मिळतो, त्यामुळे तिला जळायला हवा लागत नाही. वजनाच्या निम्म्याहून कमी भागाचाच वायू होतो. बाकीचे बहुतेक पोटॅशियमचे क्षार, तोच तो दाट धूर. 1 किलो दारूचा वायू थंड असता तर सुमारे 270 लिटर भरला असता. 2000 अंश सेल्सिअसच्या आसपास तो आठपट फुगतो, म्हणजे 2 घनमीटरच्या वर जातो. कोंडला की दाब चढतो, त्या दाबाने जळणं आणखी वेगाने होतं आणि दाब अजून चढतो.

आता खरी गंमत कमानीची. दगडी कमान उभी राहते ती स्वतःच्या वजनावर: वरचा भार दगडांना एकमेकांवर दाबून धरतो. चुन्याचा सांधा दाबाला पक्का, ताणाला मात्र अगदी कच्चा. खालून वर रेटा आला की सांधे उघडतात. किती रेटा लागतो? मीटरभर जाडीच्या दगडी छताचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 2.4 टन. हवेचा एक वातावरण दाब म्हणजे दर चौरस मीटरला 10 टन. म्हणजे पाव वातावरणाचा जादा दाबही छत उचलायला पुरे! 250 घनमीटरची खोली पूर्ण बंद धरली, तर त्यासाठी 60-65 घनमीटर तप्त वायू हवा, म्हणजे 30 किलोच्या आसपास दारू. प्रत्यक्षात वायू दारं-खिडक्यांतून निसटतो, गार भिंतींना लागून आक्रसतो, वर मजलेही असतात, म्हणून कितीतरी जास्त लागते.

तोफेचा गोळा मात्र एकाच जागी आदळतो. समोरचे दगड फुटतात, जाड तटाच्या पोटातली भर उरलेला धक्का जिरवते. आतला वायू एकाच वेळी सगळ्या भिंतींवर आणि छतावर रेटतो. वेंडेनच्या किल्ल्यात पश्चिमेकडच्या तळघरांच्या उत्खननात ढिगाऱ्याखाली सांगाडे मिळाले, त्यांत लहान मुलांचेही होते.



सुरुंग लावणाऱ्यांनाही कोंडण्याचं हे महत्त्व पक्कं ठाऊक असे. दारूची पिंपं बुरुजाखाली रचली की भुयार माती आणि लाकडाने ठासून बुजवायचं, फक्त वातीपुरती वाट ठेवायची. ते सैल राहिलं तर वायू आल्या वाटेने उलटा सुटतो आणि बुरूज जागचा हलत नाही. 1660 मध्ये शायिस्ताखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज सुरुंगानेच उडवला.