पेनिसिलिन वाढलं ते मक्याच्या टाकाऊ पाण्यावर

केळ्याच्या साली, बटाट्याच्या साली, रस काढून उरलेला चोथा, असल्या गोष्टींवर बुरशी वाढवायचे प्रोजेक्ट हल्ली कॉलेजांमध्ये बरेच होतात, कारण मीडियमची, म्हणजे बुरशीच्या खाद्याची, रेडिमेड पावडर महाग पडते. बरेच जण याला जुगाड म्हणून हसतात, पण बुरशीपासून मिळणाऱ्या पेनिसिलिन या अँटिबायोटिकचं मोठं उत्पादन सुरू झालं तेच मुळात अशा टाकाऊ मालावर.

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये एका पोलिसाला पेनिसिलिन दिलं, माणूस सुधारायला लागला आणि औषधच संपलं. त्याच्या लघवीतून काढून परत टोचलं तरी पुरलं नाही, शेवटी गेला बिचारा. तिथले शास्त्रज्ञ नॉर्मन हीटली तेव्हा बेडपॅनसारख्या भांड्यांमध्ये बुरशी वाढवायचे, त्यात कितीसं निघणार!

मग जुलैमध्ये हीटली आणि त्यांचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी बुरशी घेऊन अमेरिकेत गेले, इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी लॅबमध्ये. हा सगळा मक्याचा पट्टा. स्टार्च काढायला मक्याचे दाणे कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात, त्यात दाण्यातली प्रथिनं वगैरे उतरतात आणि ते पाणी आटवलं की तपकिरी, आंबूस काकवीसारखं काहीतरी उरतं, कॉर्न स्टीप लिकर. त्याचं करायचं काय हा तिकडे प्रश्नच होता, त्यामुळे लॅबवाले बुरशीच्या जवळपास प्रत्येक प्रयोगात ते घालून बघायचे. त्याच लॅबमधल्या अँड्र्यू मॉयर यांनी पेनिसिलिनच्या मीडियममध्ये घातलं आणि उत्पादन साधारण दहापट झालं. साध्या साखरेऐवजी त्यांनी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वापरलं, तेही चीज करताना उरणाऱ्या निवळीतून मिळतं. बुरशी ते हळूहळू खाते, त्यामुळे पेनिसिलिन जास्त वेळ बनत राहतं. १९४३ मध्ये तिथल्याच बाजारातल्या एका बुरसलेल्या खरबुजावर आणखी जोमदार जात सापडली, म्हणजे खाद्य टाकाऊ आणि नंतर बुरशीपण टाकाऊ फळावरचीच.

आपल्याकडे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, तोपर्यंत मोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवणं जगभर रुळलं होतं.

एक अडचण मात्र तेव्हाही होती, आजही आहे. कॉर्न स्टीप लिकर प्रत्येक खेपेला सारखं नसायचं, मका बदलला की तेही बदलायचं. सालींचं तसंच, आज भरघोस वाढलेली बुरशी पुढच्या बॅचला रुसून बसते, त्यामुळे नुसती वाढवायची असेल तर साली चालतात, पण आकडे मोजून तुलना करायची असेल तर पावडरीला खर्च करावाच लागतो.