पाण्यात कालवलेला लेप पाण्याने का धुतला जात नाही?

लाकडी टेबलासाठी आणलेला लेप पाण्यात कालवायचा आहे, हे कळताच ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या सुताराने डबा खाली ठेवला आणि ‘पान्यातलं पान्यानंच जाईन’ असा निकाल दिला. स्वस्त डिस्टेंपरच्या भिंतीला टेकल्यावर सदऱ्याच्या पाठीवर उमटणारा पांढरा शिक्का ज्याने आयुष्यभर पाहिला आहे, त्याला ही शंका येणारच. पण त्या डिस्टेंपरमध्ये खडूच्या भुकटीला धरून ठेवणारे द्रव्य फार थोडे असते, आणि दोष पाण्याचा नसून त्या काटकसरीचा असतो.

सुताराचा विश्वास आहे तो जवसाच्या तेलावर. आमच्याकडे धानाच्या बांध्यांतील उरल्या ओलीवर जवस घेण्याची जुनी रीत आहे, आणि त्याचे तेल दारांना चोळण्याचीही. हे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. त्याच्या रेणूंतील दुहेरी बंधांवर हवेतील ऑक्सिजनची क्रिया होऊन रेणू एकमेकांत गुंततात आणि त्यांचे जाळे बनते. एकदा जाळे झाले, की ते वितळत नाही आणि विरघळतही नाही. पाण्यातल्या लेपालाही शेवटी हेच साधायचे असते, मात्र वाट वेगळी आहे.

डब्यातील पांढऱ्या द्रवात बहुवारिक, म्हणजे पॉलिमर (लहान रेणू, म्हणजे एकके, जोडून झालेल्या लांब साखळ्या), मिठासारखे विरघळलेले नसते. दुधातल्या स्निग्धांशासारखे ते सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असते. एका कणाचा व्यास साधारण 100 नॅनोमीटर धरला आणि लेपात 40 टक्के बहुवारिक मानले, तर एका मिलिलीटरमध्ये 700 लाख कोटींहून अधिक कण भरतात. (डब्यावर ‘नॅनो तंत्रज्ञान’ असे ठळक छापून जादा पैसे मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की या अर्थाने असा प्रत्येक डबा नॅनोच असतो.) लेप लावल्यावर पाणी उडू लागते, कण एकमेकांना खेटतात, त्यांच्या फटींत उरलेल्या पाण्याचा केशाकर्षणी दाब (बारीक फटीतल्या पाण्याची ओढ) त्यांना चेपतो, आणि अखेरीस एका कणातील साखळ्या शेजारच्या कणात शिरून दोघांमधील सीमा पुसून टाकतात. ही शेवटची पायरी झाली नाही, तर वाळूच्या थरासारखा ठिसूळ पापुद्रा तेवढा उरतो.

पेच इथेच आहे. कण चेपले जाण्यासाठी बहुवारिक मऊ असावे लागते, आणि गरम भांडे सोसण्यासाठी ते कडक असावे लागते. प्रत्येक बहुवारिकाला एक काचसंक्रमण तापमान असते. त्याखाली ते काचेसारखे कडक आणि वर रबरासारखे लवचीक असते. मिथिल मेथाक्रिलेटच्या बहुवारिकासाठी ते सुमारे 105 अंश सेल्सिअस, तर ब्युटिल ॲक्रिलेटच्या बहुवारिकासाठी शून्याखाली 50 अंशांच्या आसपास असते. दोन्ही एककांचे प्रमाण बदलून मधले कोणतेही तापमान साधता येते. पण मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हाळ्यात सहज जुळणारा लेप डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांना तडकू शकतो, आणि थंडीतही जुळेल इतका मऊ केला तर चहाच्या गंजाखाली (आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात) चिकट होतो. त्यात वाफेचे पाणी शिरून बारीक पोकळ्या झाल्या, की त्या प्रकाश विखुरतात आणि टेबलावर पांढरे कडे उमटते.

यावरचा तोडगा मला सर्वांत सुंदर वाटतो: लेप आधी मऊ राहू द्यायचा आणि कण एकजीव होत असताना साखळ्यांना आडव्या दुव्यांनी बांधायचे. त्यासाठी साखळ्यांवर डायॲसिटोन ॲक्रिलामाइडमधून आलेले कीटोन गट ठेवतात आणि पाण्यात ॲडिपिक डायहायड्राझाइड विरघळवतात. त्याच्या रेणूला दोन हात असतात व प्रत्येक हात एकेक कीटोन पकडतो. या क्रियेतून पाण्याचा रेणू बाहेर पडत असल्याने डब्यात भरपूर पाणी असेपर्यंत ती मागे ढकलली जाते, आणि अमोनियामुळे आलेला अल्कधर्मीपणाही तिला मंद ठेवतो. लेप लावला, की पाणी आणि अमोनिया दोन्ही उडतात, आम्लता वाढते आणि दुवे भराभर बांधले जातात. वेळ मात्र अचूक साधावी लागते, कारण दुवे लवकर बांधले गेले तर साखळ्या आपापल्याच कणात अडकतात आणि शेजाऱ्याकडे जाऊ शकत नाहीत.

टेबल धुण्याच्या सोड्याने पुसले, तर गोष्ट निराळी. कण पाण्यात तरंगते राहावेत म्हणून साखळ्यांवर थोडे कार्बोक्सिलिक आम्लगट ठेवलेले असतात. सोडा त्यांनाच विद्युतभारित करतो, पाणी आत ओढले जाते आणि थर फुगतो. म्हणून हे गट कमीत कमी ठेवतात किंवा कार्बोडायइमाइडसारख्या द्रव्याने नंतर बांधून टाकतात. हळदीच्या डागाचे कारण असलेले तिच्यातील पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, तेलात विरघळून थरात झिरपते. जाळे जितके दाट, तितकी त्याची वाट अवघड.

लेप हाताला कोरडा लागला म्हणजे तो तयार झाला असे समजू नये. दुवे पुढे कित्येक दिवस बांधले जात असतात. पहिला आठवडा गरम भांडे दूर ठेवावे आणि मग एखाद्या कोपऱ्यात तेलात कालवलेल्या हळदीचा थेंब टाकून त्यावर वाटी पालथी घालावी. रात्रभराने पुसल्यावर डाग फिकट राहिला, तर जाळे नीट विणले गेले आहे. आमच्या सुताराने टेबलावर हीच परीक्षा घेतली, आणि ती झाल्यावर डब्याची किंमत विचारली.