स्टोरेज ॲडॉप्टर ड्रायव्हरची जुळणी

युनिक्ससारख्या कार्यप्रणालीत डिस्क ज्या कार्डाला जोडलेली असते (एससीएसआय, एसएएस, फायबर चॅनेल किंवा अनेक डिस्का एकत्र चालवणारे रेड (आरएआयडी) कार्ड), ते कार्ड कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, वापरता यावे म्हणून लागणारा प्रोग्रॅम म्हणजे स्टोरेज ॲडॉप्टर ड्रायव्हर. योग्य ड्रायव्हर निवडणे, तो वेळेवर चढवणे आणि त्यामुळे डिस्कला मिळणारी नावे सांभाळणे या तिन्हींना मिळून जुळणी म्हणतात. कार्डाच्या आत साठवलेला त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, हा वेगळा विषय आहे.

इंदूरच्या आर. एन. टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटर बाजारात, सुटे कार्ड घेऊन आलेला मराठी माणूस सहज म्हणेल, "कार्ड दिसून राहिलं, पण डिस्क नाही." पुणेकर या क्रियापदाला हसेल, निदान मात्र बिनचूक आहे. कार्ड दिसते ते पीसीआय बसमुळे, म्हणजे कार्डे यंत्राला जोडणाऱ्या मार्गामुळे. प्रत्येक कार्डावर निर्मात्याचा आणि उपकरणाचा असे दोन सोळा-बिटी क्रमांक कोरलेले असतात. षोडशमान पद्धतीत लिहिला, तर स्टोरेज कार्डे बनवणाऱ्या एलएसआयचा निर्माता-क्रमांक १००० आहे, आणि इंटेलने हौसेने आपल्या जुन्या प्रोसेसरचा ८०८६ घेतला. हे क्रमांक ओळखणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल, तर कार्ड बेवारस राहते. लिनक्सवर 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'के' पर्यायासह दिली, की कोणता ड्रायव्हर लागला ते कळते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्ससारख्या कार्यप्रणालीवर 'पीसीआयकॉन्फ' ही आज्ञा अशा बेवारस कार्डापुढे 'नन' (कुणीच नाही) लिहून मोकळी होते.

खरी गंमत मूळ डिस्क, म्हणजे कार्यप्रणाली जिच्यावर आहे ती, त्याच कार्डावर असते तेव्हा. ड्रायव्हरची फाइल त्या डिस्कवर, आणि डिस्क वाचायला तोच ड्रायव्हर हवा. किल्ली आत विसरून दार ओढून घ्यावे तसे. लिनक्सने यावर काढलेला उपाय म्हणजे इनिटरॅमएफएस. यंत्र सुरू होताना कर्नल चढवणारा बूटलोडर ही छोटी फाइलप्रणाली कर्नलसोबतच मेमरीत आणतो आणि गरजेचे ड्रायव्हर तिच्यात असतात. लिनक्सच्या रेड हॅट कुळात ती 'ड्राकट' हा प्रोग्रॅम बांधतो, डेबियन या लिनक्समध्ये 'अपडेट-इनिटरॅमएफएस'. ड्राकट 'होस्ट-ओन्ली' रीतीने चालत असेल, तर फक्त त्या यंत्रात असलेल्या कार्डांचे ड्रायव्हर घेतो. त्यामुळे कार्ड बदलल्यावर कालपर्यंत धडधाकट असलेला सर्व्हर मूळ डिस्क सापडत नाही म्हणून अडतो. तेव्हा बूट मेनूतली, सगळे ड्रायव्हर असलेली 'रेस्क्यू' नोंद कामी येते. फ्रीबीएसडीत ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, किंवा 'लोडर.कॉन्फ' फाइलमध्ये एक ओळ लिहून सुरुवातीलाच चढवता येतो.

एकाच कार्डावर दोन ड्रायव्हरांनी हक्क सांगणे, हेही घडते. फ्रीबीएसडीत मेगारेड या रेड कार्डांच्या घराण्यातली काही कार्डे 'एमएफआय' आणि 'एमआरएसएएस' असे दोन्ही ड्रायव्हर चालवू शकतात. बराच काळ पहिला मान एमएफआयचा होता, 'एचडब्ल्यू.एमएफआय.एमआरएसएएस_एनेबल' या चलाची किंमत १ केली, की कार्ड दुसऱ्याकडे जाते. पण त्याबरोबर 'एमएफआयडी०' ही डिस्क 'डीए०' होते, आणि कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये जुने नाव असेल तर यंत्र मूळ डिस्क विचारणाऱ्या 'माउंटरूट' या सूचनेपाशी येऊन थांबते. तिथे प्रश्नचिन्ह टाइप केले, की दिसणाऱ्या डिस्कांची यादी मिळते. लिनक्सवरही 'एसडीए' आणि 'एसडीबी' या डिस्कनावांचा क्रम पुढच्या वेळी तोच राहील याची हमी नाही. म्हणून एफएसटॅबमध्ये यूयूआयडी (फाइलप्रणालीचा स्वतःचा एकमेव क्रमांक) किंवा लेबल लिहावे. नुसत्या 'एसडीए'वर विसंबणे हा आळस आहे.

रांगेची खोली (एका वेळी किती विनंत्या प्रलंबित ठेवायच्या) वगैरे ड्रायव्हरचे पर्याय लिनक्सवर 'मॉडप्रोब.डी' निर्देशिकेत लिहितात. ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून चढत असेल, तर ती पुन्हा बांधल्याशिवाय नवा पर्याय लागू होत नाही, आणि माणूस तासभर आकडे बदलत बसतो.

एससीएसआयचे पहिले प्रमाण १९८६ चे. समांतर केबलच्या त्या काळात दोन्ही टोकांना संकेत परावर्तित होऊ न देणारे टर्मिनेटर लावावे लागत आणि कार्डाला बहुधा ७ क्रमांक देत, कारण बसवर त्याचा अग्रक्रम सर्वांत वरचा. त्या केबली गेल्या. पण बस रिसेट झाल्यावर उपकरणांना सावरायला द्यायचे ५००० मिलिसेकंद फ्रीबीएसडीच्या 'जेनेरिक', म्हणजे सोबत येणाऱ्या सर्वसाधारण, कर्नलच्या मांडणीत टिकून राहिले.