शॉर्ट, एमिली

इंटरॅक्टिव्ह फिक्शन (आयएफ) या संगणकावरच्या कथाप्रकारातील, इंग्रजीत लिहिणारी अग्रगण्य लेखिका. या प्रकारात वाचक स्वतःच पात्र होतो. काय करायचे ते तो आज्ञा टंकून किंवा पर्याय निवडून सांगतो आणि गोष्ट त्याप्रमाणे वळते. ‘एमिली शॉर्ट’ हे टोपणनाव आहे. प्राचीन ग्रीक-लॅटिन वाङ्मय हा लेखिकेच्या अभ्यासाचा विषय, आणि त्याच्या खुणा तिच्या लेखनात वारंवार दिसतात.

१९७०च्या दशकातील ‘अ‍ॅडव्हेंचर’ या संगणकीय खेळापासून हा प्रकार प्रामुख्याने कोड्यांचा होता. गुहेत शिरायचे, दिवा लावायचा, किल्ली शोधायची. वाटेत माणसे भेटत, पण तीही कुलपासारखीच. योग्य वस्तू दिली की उघडत, एरवी तेच ते वाक्य पुन्हा ऐकवत. शॉर्ट यांच्या सगळ्या कारकिर्दीचा ओघ या एका उणिवेकडे आहे: गोष्टीतल्या माणसाशी खरोखर बोलता आले पाहिजे.

‘गॅलाटिया’ (२०००) या कथेत एकच दालन आहे आणि त्यात एकच पुतळा. आपल्याच शिल्पाच्या प्रेमात पडलेल्या पिग्मॅलियनच्या ग्रीक कथेतला, जिवंत झालेला: गॅलाटिया. वाचक कलासमीक्षक म्हणून आत येतो तेव्हा ती प्रकाशझोतात पाठमोरी उभी असते. तिला तिच्या शिल्पकाराविषयी विचारता येते, स्वतःचे काही सांगता येते, स्पर्श करता येतो किंवा नुसते गप्प राहता येते. काय विचारले याइतकेच कोणत्या क्रमाने विचारले यालाही महत्त्व आहे. तोच प्रश्न घाईने आला तर ती मिटून घेते, विश्वास बसल्यावर आला तर तिचे उत्तर निराळे असते. यातून कथेचे कितीतरी शेवट संभवतात आणि प्रत्येकात गॅलाटिया वेगळी भासते. सोडवायचे कोडे असे इथे नाहीच. या कथेला ‘आयएफ आर्ट शो’ या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट कृतीचा मान मिळाला. पुढे २००६ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक लिटरेचर कलेक्शन’च्या पहिल्या खंडात तिचा समावेश झाला.

कोड्यांशी मात्र त्यांनी वैर धरले नाही. ‘सॅव्हॉर-फेअर’ला (२००२) सर्वोत्कृष्ट कथेचा एक्सवायझेडझेडवाय हा या कथाप्रकारातला वार्षिक पुरस्कार मिळाला. (हे विचित्र नाव म्हणजे ‘अ‍ॅडव्हेंचर’मधला जादूचा शब्द.) ‘फ्लोटपॉइंट’ने २००६ ची वार्षिक इंटरॅक्टिव्ह फिक्शन स्पर्धा जिंकली. ‘काउंटरफीट मंकी’ (२०१२) ही बहुधा त्यांची सर्वांत खेळकर कृती, आणि तीही त्या वर्षीची एक्सवायझेडझेडवाय विजेती. तिच्यातले यंत्र शब्दातले अक्षर काढून वस्तूच बदलते. ‘कोडेक्स’ या ग्रंथातून शेवटचे ‘एक्स’ काढले की हाती ‘कोड’ उरतो. कमळातून ‘क’ काढल्यावर मळ उरावा, तसे. ही करामत इंग्रजी स्पेलिंगवर इतकी बेतलेली आहे की भाषांतर जवळजवळ अशक्यच. मराठीत असे काही हवे असेल तर ते मुळापासून रचावे लागेल.

साधने घडवण्यातही त्यांचा वाटा मोठा आहे. ग्रॅहॅम नेल्सन यांच्या ‘इन्फॉर्म ७’ (२००६) या प्रणालीत साध्या इंग्रजी वाक्यांतून कथा रचता येते. तिच्या माहितीपुस्तकातील शेकडो नमुन्यांपैकी बहुतेक शॉर्ट यांनी लिहिले. कथा लिहू पाहणाऱ्या कितीतरी जणांनी धडे गिरवले ते याच नमुन्यांवरून. त्यानंतर रिचर्ड इव्हान्स यांच्यासोबत त्यांनी ‘व्हर्सू’ हे अशा कथांचे व्यासपीठ उभारले. त्यात प्रत्येक पात्राला स्वतःच्या इच्छा, मते आणि समाजात वागण्याच्या रीती असत, आणि वाचकाने काही केले नाही तरी पात्रे आपापसांत वागत राहत. २०१३ मध्ये लिंडन लॅब या कंपनीने ते बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी बंद केले. व्हर्सूसाठी हाती घेतलेली प्राचीन रोममधली ‘ब्लड अँड लॉरेल्स’ ही कथा तरीही २०१४ मध्ये वाचकांपर्यंत पोहोचली, ही समाधानाची गोष्ट.

लिझा डेली यांच्यासह केलेली ‘फर्स्ट ड्राफ्ट ऑफ द रेव्होल्यूशन’ (२०१२) आकाराने छोटी, पण विलक्षण आहे. तिच्यात वाचकाकडे घटनांची निवड नसते. तो पात्रांच्या पत्रांचे कच्चे खर्डे दुरुस्त करतो. रागाने लिहिलेली ओळ खोडून तिथे सौम्य ओळ येते, आणि माणूस काय बोलला यापेक्षा काय गिळून बसला ते कळते.

पुढे फेलबेटर गेम्स या खेळ बनवणाऱ्या संस्थेत त्या क्रिएटिव्ह डायरेक्टर झाल्या. तिथल्या ‘मास्क ऑफ द रोझ’ या खेळात (२०२३) आपण कोणते कपडे घालून भेटायला गेलो यावरही समोरचा माणूस काय बोलेल ते ठरते.