जुन्या फाउंटन पेनाच्या निर्मात्याची ओळख

नाव पुसलेले, निब बदललेले किंवा भलत्याच पेनाचे टोपण चढवलेले शाईचे पेन मुळात कोणी घडवले, हे त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ठरवण्याची रीत. मराठीत फाउंटन पेनाला ‘झरणी’ असा देखणा शब्द आहे, पण व्यवहारात ‘शाईचे पेन’ हेच रूढ झाले. ओळख पटवण्याचे हे काम संग्राहक, दुरुस्ती करणारे कारागीर आणि वस्तुसंग्रहालये करतात. त्याहून जास्त वेळा ते आजोबांची पेटी उघडणाऱ्या नातवंडांना करावे लागते.

कोल्हापुरात अशा पेट्या पुष्कळ आहेत, कारण हे शहर लिहिणाऱ्यांचे होते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत गुळाच्या अडत्यांच्या खातेवह्या भरू लागल्या. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तोवर दरबारची दप्तरे होती. शिवाय राजाराम कॉलेजचे प्राध्यापक आणि कोर्टातले वकील. बोरू आणि टाकानंतर यांच्या खिशाला शाईचे पेन लागले, आणि ते बंद पडल्यावरही घरातून गेले नाही. खंडेनवमीला शस्त्रांशेजारी, अवजारांशेजारी पेनालाही हळदकुंकू वाहिले जाते. त्याचा एक अनपेक्षित उपयोग होतो. कोरीव अक्षरांच्या खाचेत वर्षानुवर्षे बसलेले कुंकू एरवी न दिसणारे नाव वाचता येण्याजोगे करते. म्हणून असे पेन हाती आले की आधी धुऊ नये, आधी वाचावे.

पहिली चूक होते ती निबापाशी. निबावर नाव असते, ते ठळक असते आणि पाहणारा तेच निर्मात्याचे नाव समजतो. पण निब हा पेनाचा सर्वांत लवकर बदलला जाणारा भाग. पेन टोकावर पडले की निब वाकते. दुरुस्तीवाला हाताशी असेल ते बसवून देतो. सोन्याचे निब असेल तर आणखी एक वाट आहे. पेन बिघडले, घरात अडचण आली, की निब गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडीत जाते आणि त्या जागी पोलादी निब येते. काही मजकूर तर नाव वाटतात आणि नाव नसतात. ‘वॉरंटेड १४ कॅरेट’ ही फक्त सोन्याच्या कसाची हमी आहे. असे निब कितीतरी छोट्या कंपन्या बाहेरून विकत घेऊन आपल्या पेनात बसवत. ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ हे तर निबाच्या टोकावरल्या कठीण धातूच्या थेंबाचे वर्णन, आणि ते जर्मनीबाहेरच्या पेनांवरही सर्रास आढळते. ५८५ हा आकडा म्हणजे १४ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट. निब सोन्याचे की मुलाम्याचे, हे पाहायला ते कसोटीच्या दगडावर घासण्याचा मोह टाळावा. लोहचुंबकाला चिकटले तर ते पोलाद, एवढे कळते. चिकटले नाही म्हणून सोनेच, असे मात्र ठरत नाही.

निबाइतकेच टोपण फसवे. टोपणे हरवतात, आटे जुळले की दुसऱ्याचे चालते. क्लिप, कडी आणि टोपणावरचे नाव यांवरून फक्त टोपणाचा निर्माता कळतो. तेव्हा खरी साक्ष नळीची, म्हणजे हातात धरायच्या मुख्य दांड्याची.

नळीवरचा छाप हातात धरून समोरून पाहिला तर दिसत नाही. खिडकीपाशी पेन आडवे धरावे, प्रकाश एका बाजूने घसरत येऊ द्यावा आणि नळी हळूहळू फिरवावी. तरीही अक्षरे लागली नाहीत तर बोटावर खडूची भुकटी घेऊन हलकेच फिरवावी. खाचेत पांढरे राहते, बाकीचे मऊ फडक्याने पुसले जाते. छाप पुसट आहे म्हणून पॉलिश करणे हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा अपराध म्हटला पाहिजे. नळी चकचकीत होते आणि ती कोणाची, हे सांगणारा एकमेव पुरावा कायमचा जातो.

वाचलेले प्रत्येक नाव निर्मात्याचे नसते. पेनावर मालकाचे नाव कोरून घेण्याची पद्धत होती, लग्नात किंवा निवृत्तीला दिलेल्या पेनावर देणाऱ्याचे नाव येई, विक्रेतेही आपल्या दुकानाचे नाव घालून घेत. ‘मेड इन इंग्लंड’ वाचून पेन इंग्रजी कंपनीचे ठरवू नये. अमेरिकेतल्या पार्कर कंपनीची पेने इंग्लंडात न्यूहेवनलाही बनत.

आकड्यांना स्वतःची भाषा असते. वॉटरमन कंपनीच्या एबोनाइट (कडक रबराच्या) पेनांच्या नळीच्या बुडाशी ‘५२’ असा आकडा असतो. त्यातला ५ म्हणजे नळीच्या बाजूच्या खटक्याने शाई भरणारे पेन आणि २ म्हणजे निबाचे माप. नळीवर ५२ आणि निबावर दुसराच अंक असेल, तर निब बदललेले आहे. पार्करच्या व्हॅक्युमॅटिक पेनांवर वर्षाचा फक्त शेवटचा अंक असतो आणि १९३८ पासून त्याभोवतीच्या टिंबांवरून तिमाही कळते. मात्र ७ हा १९३७ चा की १९४७ चा, हे पेनाच्या घडणीवरून ठरवावे लागते. जपानी पायलट कंपनीच्या निबावर एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे महिना व वर्ष सांगणारे अंक येतात. मों ब्लाँच्या निबावरचे ४८१० हे मात्र वर्षही नाही आणि नमुना क्रमांकही नाही. कंपनीला ज्याचे नाव आहे, त्या मों ब्लाँ पर्वताची ती मीटरमधली उंची आहे.

छाप पूर्ण गेलेला असेल तर शाई भरण्याची यंत्रणा बोलू लागते. सर्वांत जुनी आणि साधी पद्धत ड्रॉपरची: आटे उलगडायचे आणि नळीतच शाई ओतायची. नळीला लागून धातूचा अर्धचंद्र उभा असेल तर कॉन्क्लिन हे पहिले नाव मनात यावे. नळीच्या बाजूचा खटका शेफरने १९०८ मध्ये पेटंट केला, पण पुढे तो इतक्या कंपन्यांनी वापरला की नुसत्या खटक्यावरून निर्माता कळत नाही. खटका धातूच्या चौकटीत बसवलेला असेल तर वॉटरमनची शक्यता वाढते. नळीचे बूड फिरवून आतला दट्ट्या वरखाली होतो, ती पद्धत पेलिकनने १९२९ मध्ये बाजारात आणली. निबाखालून बारीक नळी सोंडेसारखी बाहेर येते, ते शेफरचे १९५२ चे ‘स्नॉर्केल’. एकदा पाहिले की विसरत नाही. यंत्रणा निबासारखी सहज बदलता येत नाही, म्हणून तिच्या साक्षीला जास्त वजन द्यावे.

टोपणावरचा पांढरा ठिपका १९२४ पासून शेफरचा आणि बाणाची क्लिप १९३३ पासून पार्करची. या दोन्ही खुणा जितक्या प्रसिद्ध आहेत, तितकीच त्यांची नक्कल झालेली आहे.

नळी कशाची आहे, यावरून काळ कळतो. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर; ते उन्हाने आणि पाण्याने काळ्याचे तपकिरी होते आणि अंगठ्याने जोरात घासून नाकाशी नेले की गंधकाचा वास येतो. सेल्युलॉइडला कापराचा वास असतो. तापलेली सुई टोचून परीक्षा घेण्याचा सल्ला काही जण देतात, तो मुळीच ऐकू नये. सेल्युलॉइड भडकन पेटते. दुधातल्या केसिनपासून केलेली नळी पाण्यात फुगते, म्हणून साहित्य कळण्याआधी पेन भिजत घालू नये. एबोनाइटच्या देशी पेनांवर लेथच्या, म्हणजे कातकामाच्या यंत्राच्या, बारीक गोल रेषा राहतात. शहरातल्या कारखान्यांच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ चालताना पाहिलेल्या कोल्हापूरकराला त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

कोल्हापूरच्या घरांत वारंवार पडणारा प्रश्न एकच: हे पार्कर ५१ आहे की हिरो? पार्कर ५१ हे १९४१ मध्ये बाजारात आले. त्याचे निब जवळजवळ पूर्ण झाकलेले असते, फक्त टोक बाहेर डोकावते. शांघायच्या हिरो कंपनीने त्याच धाटणीची पेने बनवली आणि ती भारतात घरोघरी पोहोचली. टोपणावर चिनी लिपीतली दोन अक्षरे सापडली तर प्रश्न मिटतो. ती नसतील तर नळी उघडून पाहावी. १९४८ नंतरच्या पार्कर ५१ मध्ये शाईच्या पिशवीवर धातूचे आवरण असते आणि त्यावर भरण्याची कृती कोरलेली असते. हिरो निघाले म्हणून घरच्यांनी खट्टू व्हायचे कारण नाही. त्या पेनाने कोणाची तरी बोर्डाची परीक्षा पार पडलेली असते, आणि संग्राहकही आता ती पेने जपून ठेवतात.

भारतीय पेने ओळखणे सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे. राजमुंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी १९३० च्या दशकात स्वदेशी पेने घडवली. त्यांच्या पेनाबद्दल महात्मा गांधींनी १९३५ मध्ये आभाराचे पत्र लिहिले. मुंबईच्या दांडेकरांचा शाईचा व्यवसाय १९३१ चा; त्यातून उभ्या राहिलेल्या कॅमलिनची पेने मराठी शाळकरी पिढ्यांच्या हाती होती. मुंबईच्याच विल्सन आणि वॉलिटीची नावेही जुन्या खिशांत सापडतात. पण या नामांकितांच्या पलीकडे छोट्या कारखान्यांनी बाहेरचे निब आणि बाहेरची क्लिप घेऊन नळी तेवढी स्वतः कातलेली असे. अशा पेनावर निर्मात्याचे नाव शोधत बसण्यापेक्षा जे दिसते ते नीट नोंदवावे: टोपणासह आणि टोपणाशिवाय लांबी, नळीचे साहित्य, भरण्याची पद्धत, प्रत्येक भागावरचा मजकूर जसाच्या तसा, आणि पेन कोणाकडून, कोणत्या घरातून आले ते. ‘भारतीय, एबोनाइट, ड्रॉपर, निब बदललेले, निर्माता अज्ञात, शाहूपुरीतील अडत दुकानातून’ ही पूर्ण नोंद आहे. उद्या तसलेच दुसरे पेन शाबूत छापासह कुठे मिळाले, तर या नोंदीला नाव जोडता येते.