बटाट्याचा करपा आणि बोंडअळीने शिकवलेलं

नागपूरकरांच्या ताटात पडणारा बराचसा आलू उत्तर प्रदेशातून कळमन्याच्या बाजारात येतो. तिकडे डिसेंबर-जानेवारीत धुकं दाटलं, चार दिवस ऊन दिसलं नाही, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण अशाच हवेत उशिरा येणारा करपा पडतो. पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग, आणि सकाळी पान उलटून पाहिलं तर डागाभोवती पांढरी लव. फवारणी चुकली तर बघता बघता अख्खं वावर करपून जातं. आयर्लंडमध्ये १८४५ पासून पडलेल्या दुष्काळामागे हाच रोग होता. त्यात सुमारे दहा लाख माणसं गेली.

रोग पसरवणारा जीव म्हणजे फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. तो बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नव्हे. तपकिरी शेवाळांच्या गोतावळ्यातला आहे. पानात शिरल्यावर तो पेशींमध्ये स्वतःची प्रथिनं सोडतो आणि झाडाचा प्रतिकार दाबून टाकतो. मेक्सिकोतल्या सोलॅनम बल्बोकास्टेनम या रानटी बटाट्याकडे मात्र यावर तोड आहे. त्याच्या आरबी नावाच्या जनुकापासून बनणारं प्रथिन करप्याचं एक ठरावीक प्रथिन ओळखतं. ओळख पटताच ती पेशी स्वतःच मरून जाते. करप्याला सुरुवातीला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे त्याची वाढ तिथेच अडते.

हे जनुक संकर करून लागवडीच्या बटाट्यात आणणं महाकठीण. रानटी झाडात गुणसूत्रांचे दोन संच, आपल्या बटाट्यात चार. सरळ संकर जुळतच नाही. याच रानटी जातीतलं दुसरं एक जनुक मधल्या जातींमार्फत संकराने आणायला युरोपात चाळीसहून अधिक वर्षं लागली. शिवाय संकरात मूळ वाणाचे गुण विस्कटतात. जनुक अभियांत्रिकीने तेवढं एकच जनुक घालता येतं आणि कुफरी ज्योतीसारखा आपला नेहमीचा वाण कुफरी ज्योतीच राहतो. आरबी २००३ मध्ये अमेरिकेत वेगळं काढलं गेलं. पुढे सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ते भारतीय वाणांत आणून पाहिलं. त्याने रोग मंदावतो, पण पूर्ण थांबत नाही. करप्याच्या त्या प्रथिनाचे काही प्रकार तर आरबीला चकवतातही.

इथे विदर्भाचा अनुभव कामाचा आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला तेव्हा त्यात अळीला मारणारं एकच जनुक होतं. दोन जनुकांचं बियाणं २००६ मध्ये आलं, पण तोवर एका जनुकाचं वाण सगळीकडे पसरलं होतं, आणि पुढेही काही वर्षं दोन्ही शेजारी-शेजारी पेरली गेली. गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या जनुकावर मात केली, मग तिच्यासमोर एकटं दुसरंच उरलं. त्यात आम्ही फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून, घेत राहिलो. अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून कडेने पेरायचं पाकिटातलं रेफ्युजीचं, म्हणजे बिगर-बीटी बियाणं बांधावरच पडून राहिलं. २०१७ मध्ये डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली फुलं) आणि किडकी बोंडं घराघरांत रडवून गेली. नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चाचण्या करून दाखवलं की ही अळी आता दोन्ही जनुकांना दाद देत नाही.

बटाट्याची एक बाजू बरी आहे. संकरित बीटी कपाशीच्या बोंडातल्या सरक्यांत जनुक सारखं वाटलं जात नाही. काही सरक्यांत ते नसतंच, आणि अळीला बीटीच्या विषाच्या कमी-जास्त मात्रेची सवय होते. बटाटा कंदापासून लावतात, त्यामुळे प्रत्येक झाडात जनुक जसंच्या तसं उतरतं. पण करप्याचे बीजाणू वाऱ्यावर जातात, आणि त्याच्या जनुकसंचातला जवळपास तीन-चतुर्थांश भाग पुनरावृत्त, म्हणजे त्याच त्या तुकड्यांच्या प्रती असलेल्या, डीएनएचा आहे. झाडाविरुद्ध वापरायची प्रथिनं बनवणारी जनुकं याच भागात विखुरलेली असल्याने ती झपाट्याने बदलतात. एकटं जनुक अशा जिवासमोर फार टिकेल असं मला वाटत नाही.

म्हणून युगांडात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने धरलेला मार्ग मला पटतो. तिथल्या व्हिक्टोरिया वाणात रानटी बटाट्यांतली तीन जनुकं एकदमच घातली, आणि शेतातल्या चाचण्यांत ते पीक करप्याची फवारणी न करता टिकलं. तिन्ही जनुकांना एकाच वेळी चकवणं करप्याला खूपच अवघड जातं. भारतात जनुक-परिवर्तित बटाट्याला लागवडीची परवानगी अजून नाही. ती कधी मिळालीच, तर एकेका जनुकाचं वाण आधी बाजारात येऊ देऊ नये, आणि हवेत करप्याचे कोणते प्रकार फिरताहेत याची तपासणी दर हंगामात, पहिल्या लागवडीपासूनच सुरू व्हायला हवी.