नंदा (नंदा विनायक कर्नाटकी)

नंदा : (८ जानेवारी १९३९ – २५ मार्च २०१४). हिंदी व मराठी चित्रपटांतील अभिनेत्री. जन्म कोल्हापूरचा. नट-दिग्दर्शक मास्टर विनायक यांची ही कन्या. ‘बेबी नंदा’ या नावाने त्या पडद्यावर आल्या तेव्हा हौसेचा भाग थोडाच होता. वडील अकाली गेले आणि घर चालवण्याची जबाबदारी आठ-नऊ वर्षांच्या मुलीवर येऊन पडली. पुढे नायिका झाल्यावरही प्रेक्षकांनी त्यांना बरीच वर्षे ‘छोटी बहन’च मानले. घरात कर्तेपण आणि पडद्यावर धाकटेपण, असा हा विरोध त्यांच्या कारकिर्दीत कायम राहिला.

घराणे. मराठी बोलपटाच्या इतिहासात कर्नाटकी-पेंढारकर-शांताराम हा गोतावळा जागोजागी भेटतो. बाबूराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर हे विनायकांचे सावत्र भाऊ. छायालेखक वासुदेव कर्नाटकी हे सख्खे भाऊ, तर व्ही. शांताराम मावसभाऊ. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) विनायक नारद झाले होते. १९३६ मध्ये त्यांनी बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्या साथीने कोल्हापुरात हंस पिक्चर्स काढली. वि. स. खांडेकर आणि आचार्य अत्रे यांना पटकथेकडे वळवण्याचे श्रेय या कंपनीला जाते. ‘छाया’, ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’ हे बोलपट तिथलेच. पुढे विनायकांनी प्रफुल्ल पिक्चर्स ही स्वतःची संस्था उभारली आणि १९४५ च्या सुमारास ती मुंबईला हलवली.

नावातला एक तपशील गमतीचा आहे. त्या काळच्या श्रेयनामावलीत मुलगी असेल तर ‘बेबी’ आणि मुलगा असेल तर ‘मास्टर’ लागायचे, वय वाढले की ते गळायचे. विनायकांचा ‘मास्टर’ मात्र संगीत रंगभूमीच्या रिवाजातला. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव यांच्यासारखा तो जन्मभर टिकणारा. त्यामुळे बाप मास्टर आणि लेक बेबी अशी जोडी एकाच घरात झाली.

बालपण आणि पहिले काम. चित्रपटात काम करायचे नंदाच्या मनात नव्हते. एके दिवशी शाळेतून घरी आल्यावर आईने सांगितले की उद्या शूटिंगला जायचे आहे. भूमिका मुलाची, म्हणून केस कापावे लागणार. मुलगी हटून बसली. मला सिनेमात काम करायचे नाही, नेताजी सुभाषबाबूंसारखे देशासाठी लढायचे आहे, असे तिने आईला सुनावले. हा प्रसंग नंदा यांनी पुढे मुलाखतींतून सांगितला आहे. काळ चाळीसच्या दशकाचा, आझाद हिंद सेनेच्या बातम्या घरोघरी पोचलेल्या, तेव्हा हे उत्तर वाटते तितके अनपेक्षित नाही. आईने समजूत काढली, केस कापले गेले, आणि ‘मंदिर’चे काम सुरू झाले.

तो चित्रपट विनायकांच्या हातून पुरा झाला नाही. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला चार दिवस झाले असताना, वयाच्या ४१ व्या वर्षी ते वारले. ‘मंदिर’ दिनकर द. पाटील यांनी पूर्ण केला आणि १९४८ मध्ये तो प्रदर्शित झाला. घरात भावंडे बरीच, आणि कर्ता माणूस गेलेला. नंदाची शाळा मागे पडली, अभ्यास जमेल तसा घरी शिकवणीवर होऊ लागला, आणि हौस नसलेले काम रोजचे झाले. ‘जग्गू’ (१९५२), ‘अंगारे’ (१९५४) अशा हिंदी चित्रपटांत ती बेबी नंदा म्हणून दिसते.

विनायकांच्याच संस्थेत, याच छपराखाली, आणखी एका मुलीची कथा घडत होती. १९४२ च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा तेराव्या वर्षात असलेल्या लता मंगेशकरांना विनायकांनी आपल्या कंपनीत घेतले. ‘माझे बाळ’ (१९४३), ‘गजाभाऊ’ (१९४४), ‘बडी माँ’ (१९४५) यांत त्यांनी छोटी कामे केली, गाणीही म्हटली. कंपनीबरोबर त्या मुंबईला आल्या. ‘मंदिर’मध्येही त्या आहेत. विनायक गेले तेव्हा एकीचे वडील गेले, दुसरीचा आश्रयदाता. दोघी थोरल्या भावंडाच्या जागी उभ्या राहून कमावू लागल्या. पुढे पंचवीस वर्षे एकीच्या ओठांवर दुसरीचा आवाज राहिला. ‘भैया मेरे राखी के बंधन को निभाना’, ‘अल्ला तेरो नाम’, ‘एक प्यार का नग़मा है’ ही गाणी ऐकताना हा जुना धागा ठाऊक असेल तर ती जरा वेगळी ऐकू येतात.

बेबीची नायिका. बालनटीला सर्वांत अवघड जाते ती मधली चार-पाच वर्षे. फ्रॉक तोकडा होतो आणि साडी अजून शोभत नाही. नंदा यांना या काळात मराठीने सांभाळले. ‘कुलदैवत’ आणि ‘शेवग्याच्या शेंगा’ (दोन्ही १९५५) हे या टप्प्यावरचे चित्रपट. शांताराम आठवल्यांचा ‘शेवग्याच्या शेंगा’ हा कौटुंबिक मराठी चित्रपटांत आजही आवर्जून आठवला जातो. मग शांतारामांनी पुतणीला हिंदीत उभे केले. त्यांच्या राजकमल कलामंदिर या संस्थेच्या ‘तूफान और दिया’मध्ये (१९५६) आईबापाविना वाढणाऱ्या भावंडांतली बहीण त्यांनी केली. घरची परिस्थिती पाहता या भूमिकेसाठी फार लांबून काही आणावे लागले नसेल.

लगेच ए.व्ही.एम. या चित्रसंस्थेचा ‘भाभी’ (१९५७) आला. त्यातले ‘चली चली रे पतंग मेरी चली रे’ हे गाणे नंदा आणि जगदीप यांच्यावर आहे. जगदीपही बालनटच. गच्चीवर पतंग उडवणारे हे दोन जीव कामाच्या अनुभवाने त्या वेळच्या कितीतरी नायक-नायिकांहून जुने होते, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

एल. व्ही. प्रसाद यांच्या ‘छोटी बहन’ने (१९५९) नंदा घरोघर पोचल्या. बलराज साहनी थोरले भाऊ, आणि दृष्टी गेलेली धाकटी बहीण नंदा. शैलेंद्र यांनी लिहिलेले आणि शंकर-जयकिशन यांनी बांधलेले राखीचे गाणे त्यानंतर दर राखी पौर्णिमेला रेडिओवर लागू लागले. यश मोठे होते, पण त्याची किंमतही होती. निर्मात्यांना बहीण हवी असली की नंदाच आठवू लागल्या. ‘काला बाज़ार’मध्ये (१९६०) त्या देव आनंदची बहीण आहेत. पुढच्याच वर्षी ‘हम दोनों’मध्ये त्याच देव आनंदची पत्नी. बहिणीची पत्नी झालेली प्रेक्षक सहसा खपवून घेत नाहीत. इथे खपली, याचे बरेचसे श्रेय ‘हम दोनों’च्या कथेला आहे. देव आनंद तिथे दुहेरी भूमिकेत. युद्धावर गेलेल्या मेजरसारखाच दिसणारा कॅप्टन घरी येतो आणि आजारी पत्नी रूमा त्यालाच नवरा समजते. तो माणूस तिच्यापासून अंतर राखून वागतो, आणि ते अंतर का, हे तिला उमगत नाही. सगळा पेच तिच्या विश्वासावर उभा आहे. देवळात जमलेल्या बायकांमध्ये बसून ती ‘अल्ला तेरो नाम, ईश्वर तेरो नाम’ गाते तेव्हा नंदा जवळजवळ काहीच करत नाहीत. मान हलत नाही, हात हलत नाहीत, जे काही आहे ते डोळ्यांत. गीतकार साहिर, संगीतकार जयदेव आणि लताबाई या तिघांच्या गाण्यापुढे शांत बसून राहणे हेही अभिनेत्रीचे कामच.

दरम्यान वसंत जोगळेकर यांच्या ‘आँचल’साठी (१९६०) त्यांना फिल्मफेअरचे सहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. लताबाईंचे पहिले हिंदी पार्श्वगीत ज्या चित्रपटात होते त्या ‘आप की सेवा में’चे दिग्दर्शकही हेच जोगळेकर. मराठी माणसांचे मुंबईतले चित्रपटविश्व तेव्हा असे आटोपशीर होते.

नवख्यांची नायिका. शशी कपूर हेही बालनट. ‘आग’ आणि ‘आवारा’मध्ये त्यांनी राज कपूरचे लहानपण केले होते. मोठे झाल्यावर मात्र त्यांचे चित्रपट चालेनात, आणि नावाजलेल्या नायिका त्यांच्याबरोबर काम करायला कचरू लागल्या. नंदा तेव्हा स्थिरावलेल्या होत्या. ‘चार दीवारी’ (१९६१) आणि ‘मेहंदी लगी मेरे हाथ’ (१९६२) पडूनही त्यांनी साथ सोडली नाही. दोघांनी मिळून आठ चित्रपट केले. सूरज प्रकाश यांच्या ‘जब जब फूल खिले’ने (१९६५) त्या भरवशाची पुरती फेड केली. काश्मीरचा शिकारेवाला राजा आणि मुंबईची श्रीमंत, पाश्चात्य वळणाची रीटा. शेवटी सुटलेल्या गाडीबरोबर फलाटावर धावणारी नंदा आणि डब्याच्या दारातून हात देऊन तिला आत खेचणारा शशी कपूर, हा प्रसंग हिंदी चित्रपटांनी पुढे इतक्यांदा गिरवला की मूळ कुठले ते विसरले गेले. शशी कपूर यांनी नंदांचे ऋण नंतर अनेकदा मोकळेपणी मान्य केले.

१९६५ हे वर्ष त्यांचे होते. त्याच वर्षी ‘तीन देवियाँ’ आणि राजा नवाथे यांचा रहस्यपट ‘गुमनाम’ आला. साठच्या दशकात आघाडीच्या आणि उत्तम मोबदला घेणाऱ्या नायिकांत त्यांची गणना होई.

‘इत्तेफ़ाक’. चोप्रा बंधूंशी त्यांचे नाते जुने. यश चोप्रांच्या पहिल्या ‘धूल का फूल’मध्ये (१९५९) त्या होत्या, बी. आर. चोप्रांच्या ‘क़ानून’मध्येही (१९६०). ‘क़ानून’ला गाणी नव्हती. नऊ वर्षांनी याच बॅनरने पुन्हा बिनगाण्याचा चित्रपट काढला, ‘इत्तेफ़ाक’ (१९६९), आणि नायिका पुन्हा नंदाच. हिंदीत हा योग दुसऱ्या कुणाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. एका गुजराती नाटकावरून घेतलेला हा चित्रपट महिनाभरात उरकला. पावसाळी रात्र, एकटी बाई असलेले घर, आणि बायकोच्या खुनाचा आरोप असलेला, मनोरुग्णालयातून पळालेला चित्रकार (राजेश खन्ना) आत शिरतो. बाई घाबरलेली आहे, आपण तिच्या बाजूने. ज्या चेहऱ्याकडून देशाने दहा वर्षे राखी बांधून घेतली त्याच्यावर संशय घेणार कोण? यश चोप्रांनी नेमका हा भरवसा वापरून घेतला, आणि शेवटाला तो उलटवला. माझ्या मते नंदांचे सर्वोत्तम काम हेच. एरवी त्यांच्या विरोधात जाणारी प्रतिमा इथे कथेचे हत्यार झाली. राजेश खन्ना हेही त्या वेळी वर चढत असलेले नाव. त्यांच्याबरोबर पुढे ‘द ट्रेन’ (१९७०) आणि ‘जोरू का ग़ुलाम’ (१९७२) झाले.

मनोजकुमारच्या ‘शोर’मध्ये (१९७२) त्यांचे काम छोटे, पण समुद्रकाठचे ‘एक प्यार का नग़मा है’ त्यांच्यावर आहे, आणि नवी पिढी त्यांना ओळखते ती बहुधा या गाण्यामुळे. ‘नया नशा’मध्ये (१९७३) व्यसनाधीन स्त्री करून त्यांनी साचा मोडायचा प्रयत्न केला. प्रेक्षक फिरकले नाहीत. त्यानंतर त्या हळूहळू बाजूला झाल्या.

परत आल्या त्या आई होऊन. ‘आहिस्ता आहिस्ता’ (१९८१) आणि राज कपूरच्या ‘प्रेम रोग’मध्ये (१९८२) त्या पद्मिनी कोल्हापुरेची आई आहेत. पद्मिनीही लहानपणापासून कॅमेऱ्यापुढे वाढलेली, आणि मंगेशकरांच्या नात्यातली. ‘मज़दूर’मध्ये (१९८३) दिलीपकुमारची पत्नी केली आणि नंदा यांनी काम थांबवले.

खासगी आयुष्य. भावंडे मार्गी लावता लावता स्वतःचे लग्न राहून गेले. बंधू जयप्रकाश कर्नाटकी चित्रपटनिर्मितीत होते. नर्तिका-अभिनेत्री जयश्री टी. ही त्यांची पत्नी. ‘काला बाज़ार’च्या वेळी वहीदा रहमान यांच्याशी जुळलेली मैत्री अखेरपर्यंत टिकली, आणि १९९२ मध्ये दिग्दर्शक मनमोहन देसाई यांच्याशी नंदांचा साखरपुडा झाला. देसाई विधुर होते, नंदा पन्नाशी ओलांडलेल्या. लग्न झाले नाही. १ मार्च १९९४ रोजी गिरगावातल्या घराच्या सज्जातून पडून देसाई मृत्यू पावले. त्यानंतर नंदा यांनी समारंभांना जाणे जवळपास सोडले. वहीदा, आशा पारेख, हेलन, साधना या मैत्रिणींपुरता त्यांचा वावर उरला. ‘नटरंग’ या मराठी चित्रपटाच्या एका खेळाला त्या वहीदांबरोबर आल्या, तेव्हा इतक्या वर्षांनी त्यांना पाहून लोकांना आश्चर्य वाटले. २०११ मध्ये ‘हम दोनों’ रंगीत करून पुन्हा चित्रपटगृहांत लावण्यात आला. २५ मार्च २०१४ रोजी सकाळी वर्सोवा येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने नंदा यांचे निधन झाले.